गुरुजींच्या शब्दावर

डोकमर्डी, सिल्वासा
१७ नोव्हेंबर २०२४

नवनाथ,

'प्रिय' गाळलं आहे, आणि ते विसरून गाळलेलं नाही. पोरांना पत्रलेखन शिकवताना मायन्याला एक गुण असतो, तो या पत्राचा गेला असं समज.

डोकमर्डीहून नरोलीला पोस्टाने पत्र पाठवणारा या गावातला पहिला शहाणा मीच असेन. रिक्षाने अर्ध्या तासात पोचता येतं. पण फोन तू ब्लॉक केलास, आणि तुझ्या त्या चाळीत मी येऊन उभा राहिलो तर तुझी पंचाईत. तुझ्या खोलीतले दोघं ओडिशाचे आणि तिसरा बंगालचा, त्यांनी पत्र फोडलं तरी ओ की ठो कळायचं नाही.

दिवाळीला गावी गेलास, परत आलास तो मी शाळेत असताना. कपडे, चादर, दाढीचं सामान उचललंस आणि किल्ली शेजारच्या कुसुमताईंकडे ठेवून निघून गेलास. मला काय कळलं, कसं कळलं? ती बाई चिवड्याची वाटी घेऊन दारात उभी. "गुरुजी, तुमच्या भाडेकरूचं लग्न ठरतंय म्हणे! सांगितलं नाहीत ते!" मी वाटी घेतली. "हो ना, फार चांगलं झालं," असंही म्हणालो. नऊ वर्षांच्या सरावाने माझं तोंड आपलं आपण चालतं.

भाडेकरू हा शब्द आपणच ठरवला होता म्हणा. मी कोकणातला, तू साक्रीकडचा, मावसभाऊ म्हणून कोणाला पटणार होतं? घरात मी 'मधू', दाराबाहेर 'गुरुजी'. आपली ओळख झाली ते ॲप आठवतं ना? तुझ्या फोटोत तोंड नव्हतंच, एक बैल होता. माझ्या फोटोत नुसती खिडकी. बैलाने खिडकीला 'हाय' केलं आणि खिडकी दोन दिवस घाबरून गप्प बसली. तुझ्या वयाच्या पोरांना निदान ते ॲप तरी मिळालं. मी तिशीत होतो तेव्हा आमच्यासारख्यांना दुसरा माणूस दिसायचा तो वापी स्टेशनच्या बाकावर, आणि तोही नाव खोटं सांगायचा.

२०१८ साली कोर्टाने आपण गुन्हेगार नाही असं सांगितलं, त्या संध्याकाळी तू पेढे आणलेस. कुसुमताईंनी विचारलं कसले, तर म्हणालास, "सुपरवायझर झालो." सुपरवायझर तू त्यानंतर दोन वर्षांनी झालास आणि तेव्हा पुन्हा पेढे आणायची चोरी झाली. हसलो होतो आपण त्यावर. आता वाटतं, ज्या पेढ्याचं कारण शेजारणीला सांगता येत नाही तो खाऊच नये.

मला झोप लागत नाही. इथल्या डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला आणि पन्नाशीच्या माणसाला सल्ला दिला, "एकटे राहता, लग्नाचा विचार करा." मग मुंबईच्या एका समुपदेशकाचा नंबर मिळवला. केतकी नाव तिचं. माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची आहे, पण समोरच्याचं ऐकून घेते. ती म्हणाली, "मनात आहे ते सगळं त्याला पत्रात लिहा, पण पत्र पाठवू नका." अर्धा सल्ला मी मानतो आहे.

एवढंच विचारतो. हे लग्न तू करतोयस, की तुला बोहल्यावर ढकलतायत? माझ्याही घरच्यांनी माझ्यामागे स्थळं लावली होती. मी जोशीबुवांना धरून पत्रिकेत कडक मंगळ घालून घेतला आणि सुटलो. तू चौतीस वर्षांचा घोडा. तुझ्याच्याने एक 'नाही' म्हणवत नाही?

उत्तर दे. पोस्टाने नको असेल तर तोंडाने दे.

मधुकर


१ डिसेंबर २०२४

नवनाथ,

उत्तर दिलंस. नव्या नंबरवरून, आणि तेही माझ्याकडे काम निघालं म्हणून.

मी हॅलो म्हणायच्या आत सुरू झालास. "गुरुजी, येत्या रविवारी येऊन राहिले ते लोक. मुलीचे वडील चिंधा आप्पा अन् तिची आत्या. चौकशीला. मी तुमचं नाव दिलंय. तुम्ही बोलून द्या जरा चांगलं."

मी दोन वेळा विचारलं, कोणाचं नाव दिलंस? मला वाटलं, चेष्टा करतोयस.

तुमच्याकडची रीत मला ठाऊक आहे. मुलगा परगावी नोकरीला असला की मुलीकडचे तिथे जाऊन त्याची माहिती काढतात. पितो का, खेळतो का, कोणाच्या नादी आहे का. आणि चहाच्या टपरीवरच्या चार लोकांपेक्षा एखाद्या भारदस्त माणसाचा शब्द त्यांना लागतो. हे सगळं कबूल. पण साऱ्या सिल्वाशात तुला भारदस्त माणूस मीच सापडलो? तुझा मॅनेजर आहे, खोलीमालक आहे, कंपनीच्या गेटसमोरच्या मारुतीचा पुजारी आहे.

तू म्हणालास, "त्यांना काय माहिती माझ्याबद्दल? मला वळखणारं तुमच्याशिवाय कोण शे इथे?" आणि हे अगदी साळसूदपणे म्हणालास. तुला ते चुकीचं वाटलंच नाही. तुला खरंच असं वाटलं की आपल्या माणसाची शिफारस आपल्या माणसानेच करायची असते.

मी शिव्या दिल्या. तू ऐकून घेतल्यास. मग आवाज खाली करून म्हणालास, "मधू, लग्न म्हणजे काय? घरच्यांचं तोंड बंद. ती गावी राहील आईजवळ. मी डोकमर्डीला येतो ना परत, पहिल्यासारखा. कोणी बोटसुद्धा दाखवणार नाही मग."

एका महिन्यात पहिल्यांदा 'मधू' म्हणालास, तेही सौदा पटवायला.

मी फोन आपटला. केतकीला हे सांगितलं. ती म्हणाली, "आणि त्या मुलीचं काय?" मला राग आला. मी तिच्याकडे माझं दुःख घेऊन जातो आणि ती मला दुसऱ्याचं दाखवते. मुलीचं नाव रोशनी आहे ना? तुझ्या तोंडून एकदाच आलं, बाकी सगळा वेळ 'ती'.

येऊ देत त्यांना. काय बोलेन याचा भरवसा नाही. तू तुझ्या मारुतीला नारळ फोड.

मधुकर


९ डिसेंबर २०२४

नवनाथ,

झालं तुझं काम. चिंधा आप्पांनी तुला फोन केलाच असेल. आता माझ्याकडूनही ऐक.

शनिवारी मी कुसुमताईंकडून घडीची खाट मागून आणली आणि बाहेरच्या खोलीत टाकली. वर जुनी सोलापुरी चादर अंथरली, उशाशी तुझा कंपनीचा फाटका शर्ट टांगला. भाडेकरू इथे झोपत होता, बघा. आतल्या पलंगावरची एक उशी उचलून कपाटात कोंबली. हे करताना लाज वाटली असेल असं तुला वाटत असेल, तर नाही. 'पहिल्यासारखा' हा तुझा शब्द माझ्या डोक्यात वाजत होता आणि हात भराभर चालत होते.

ते दोघं सुरतमार्गे वापीला उतरून सकाळीच आले. आप्पा पागोट्यातले, साधे, चहा बशीत ओतून पिणारे. आत्या झुंबरबाई, पांढऱ्या कपाळाची, फार बोलत नाही आणि सगळं बघते.

आप्पांनी विचारलं, "पोऱ्या दारू पेस का? सिल्वासामा दारू उघडीच शे, म्हणीसन इचारी ऱ्हायनू."

"नाही."

"जुगार? मटका?"

"नाही."

मग ते जरा अवघडले, आत्यांकडे पाहिलं आणि घसा साफ करून म्हणाले, "बाईनं काही लफडं?"

मी म्हणालो, "नाही. बाईचं काहीही नाही."

इतकं शंभर टक्के खरं मी आयुष्यात बोललो नसेन. आप्पांचा चेहरा उजळला. नऊ वर्षं, नवनाथ. आपली भांडणं, माझं तुझ्या आजारपणात जागणं, तुझं माझ्यासाठी नदीकाठची मेथी गावाहून पिशवीत घेऊन येणं, हे सगळं त्या माणसाच्या चौकशीत कुठे बसतच नाही. मी सवत म्हणूनसुद्धा मोजला गेलो नाही.

तिथे थांबायला हवं होतं. पण आत्यांनी विचारलं, "सोभाव कसा शे त्याना?" आणि माझी जीभ सैल सुटली. सांगितलं की रात्रपाळीहून आला की आधी पाय धुतो, मग बोलतो. त्याआधी काही विचारू नये, चिडतो. वांग्यात जून बिया निघाल्या की ताट सरकवतो, पण कोणी केलं म्हणून नावं ठेवत नाही. थंडीत उजवा गुडघा धरतो, त्याला तीळतेल कोमट करून लावावं लागतं. ताप चढला की आईला हाका मारतो आणि उतरला की ते कबूल करत नाही. रुसला तर त्याला समजवायला जाऊ नये, शेजारी बसून काहीतरी निवडत राहावं, तांदूळ नाहीतर शेंगा. थोड्या वेळाने स्वतःच येतो आणि निवडायला लागतो.

आप्पा माना डोलवत होते. आत्यांनी कप खाली ठेवला. खाटेवरून उठल्या, चादर हाताने सारखी केली, आतल्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन पलंग पाहून आल्या. निघताना आप्पा जिना उतरले तेव्हा त्या मागे थांबल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "गुरुजी, असं त बायको सांगस."

आणि पदर सावरून त्याही जिना उतरल्या.

संध्याकाळी आप्पांचा फोन आला की गुरुजींच्या शब्दावर आम्ही पोर दिली. आता तू तुझ्या शब्दाला जाग.

मधुकर


५ जानेवारी २०२५

नवनाथ,

साखरपुड्याला मला पहिल्या ओळीत खुर्ची दिलीत, त्याबद्दल आभार. टॉवेल-टोपी-नारळ देऊन माझा मान केला तुझ्या वडिलांनी. "गुरुजी नसते तर हे जमलंच नसतं," असं माइकवर सांगितलं. मंडपातली सगळी माणसं टाळ्या वाजवत होती आणि मी टोपी घालून हात जोडून उभा होतो, निवडणुकीत पडलेल्या उमेदवारासारखा. तू माझ्या पाया पडलास. पडताना वर बघितलंस का? नाही बघितलंस.

रोशनी बघितली. हसताना तोंडावर हात धरते. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. माझ्या पाया पडली तेव्हा तिच्या मेंदीचा वास आला. मी तोंडाने आशीर्वाद दिला. काय दिला ते आठवत नाही.

तिथून परत आल्यावर तू एकदा तरी येशील असं वाटत होतं. चादर धुऊन ठेवली होती. दोन रविवार गेले. फोन केला तर म्हणालास, "लग्नाआधी नको, कोणी बघेल. नंतर." लग्न एप्रिलमध्ये. तोवर मी काय करावं, तेही सांगून ठेव. म्हणजे उपास कुठले धरायचे ते बघतो.

केतकीने मला विचारलं, "तो परत आला तर तुम्ही सुखी व्हाल?" मी म्हणालो, "सुखी नाही, पण झोप लागेल." ती म्हणाली, झोपेसाठी गोळ्या मिळतात. चुरचुरीत बोलते कधी कधी. आवडलं नाही, पण फोन ठेवल्यावरही तेच डोक्यात होतं.

मधुकर


१३ फेब्रुवारी २०२५

नवनाथ,

काल मधल्या सुट्टीत रोशनीचा फोन आला. नंबर तिला झुंबर आत्यांनी दिला. "तुला काय विचारायचं ते गुरुजींनाच विचार," असं म्हणाल्या म्हणे. मी शाळेच्या मागच्या व्हरांड्यात गेलो. पोरं कबड्डी खेळत होती, त्यामुळे मला एका कानात बोट घालून ऐकावं लागलं.

"गुरुजी, बाबांना नका सांगू मी फोन केला म्हणून. यांनी मला सगळं सांगितलंय."

मी कानातलं बोट आणखी दाबलं.

"साखरपुडा झाल्यावर मीच विचारलं, तुमचं आधी कोणी होतं का? म्हटलं, आता सांगा, नंतर कळलं तर मला सहन व्हायचं नाही. तर म्हणे, होतं. बाई नव्हती, माणूस होता. रडले हो गुरुजी फोनवर. म्हणे, कोरोनात गेले ते."

नवनाथ, मी पोरांपासून लांब, व्हरांड्याच्या टोकाला गेलो.

ती बोलतच होती. "मला कसंतरीच झालं आधी. दोन दिवस जेवले नाही. मग वाटलं, एवढं खरं सांगणारा माणूस मला फसवणार नाही. अन् गेलेल्या माणसाशी काय भांडायचं? तुमच्याकडे राहत होते ना हे, म्हणजे तुम्ही ओळखत असाल त्यांना. मला फक्त त्यांची तिथी सांगा. त्या दिवशी मी घरात गोडधोड करणार नाही, यांना कोणी त्रास देणार नाही असं बघेन. यांना विचारलं तर पुन्हा रडतील."

माझी तिथी. तुझी होणारी बायको माझी तिथी पाळणार होती.

२१ च्या एप्रिलमध्ये मी ऑक्सिजनवर होतो, तेव्हा नर्सने तुला विचारलं, पेशंटचे कोण तुम्ही? तू म्हणालास भाडेकरू, आणि तिने तुला गेटच्या बाहेर काढलं. तू तिथे फुटपाथवर बसून राहिलास हे मला मागाहून वॉचमनने सांगितलं. त्या एका गोष्टीवर मी पुढची सगळी वर्षं काढली. आता कळेना, तिथे बसून तू मी वाचावं म्हणून बसला होतास, की मी गेलो तर किती सोपं होईल याचा हिशेब तुझ्या मनात तेव्हाच येऊन गेला होता. कदाचित दोन्ही असेल. मला पहिलं पुरेसं वाटत होतं, म्हणून दुसरं कधी विचारलं नाही.

आणि आणखी एक. तिला तू तीन भेटींच्या ओळखीवर सांगितलंस की माझं एक माणूस होतं. रडून सांगितलंस. मी जिवंत असताना माझ्याबद्दल कोणापुढे एवढं बोलला नाहीस. तेवढ्यासाठी मला मरावं लागलं.

माझ्या मनात काय आलं तेही सांगतो. एखादी तिथी ठोकून द्यावी. चैत्र वद्य काहीतरी. ती पोर बिचारी दर वर्षी पाळील, तू त्या दिवशी दुःखाचं निमित्त करून डोकमर्डीला येशील, आणि आपण दोघं माझ्याच श्राद्धाची खीर खाऊ. सगळं मला हवं तसंच झालं असतं. नुसतं तोंड उघडून एक तिथी सांगायची होती.

"गुरुजी? ऐकताय ना?"

मी म्हणालो, "रोशनी, ते गेलेले नाहीत. तो माणूस मी आहे."

पलीकडे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली, ती मला ऐकू आली.

मग तिने विचारलं, "बाबांना का सांगितलं तुम्ही, चांगला आहे म्हणून?"

"वाईट नाही तो. पण तुझा होणार नाही हे मला माहीत होतं आणि मी ते लपवलं. लग्नानंतर तुला गावी ठेवून तो माझ्याकडे परत येणार होता. तसं कबूल केलं होतं त्याने."

"म्हणजे तुम्ही दोघांनी मिळून ठरवलं," ती म्हणाली. "मला तठे सासूजवळ ठेवायचं, जन्मभर."

मी 'हो' म्हणालो. त्या पोरीने एक शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. तिने दिली नाही. रडलीसुद्धा नाही. म्हणाली, "आत्या बोलली होती, त्या घरात एकच पलंग शे. मीच मनावर घेतलं नाही."

तू मला गद्दार म्हणशील. म्हण. वाटोळं केलं म्हणशील, तेही म्हण. ही गोष्ट फुटली तर तुला कंपनी बदलावी लागेल आणि मला शाळेत पोरांच्या बापांना तोंड द्यावं लागेल, एवढं मलाही समजतं. तुझं गुपित ती चव्हाट्यावर आणणार नाही असं मला वाटतं. तिने मला तसा शब्द दिला नाही आणि मी मागितला नाही. तो मागायला मला तोंड नाही.

फोन ठेवण्याआधी तिने विचारलं, "मी रविवारी येते सिल्वासाला, आत्याला घेऊन. आत्या खालीच थांबेल, मला एकटीला बोलायचंय यांच्याशी. मला खोली माहीत नाही. तुम्ही याल दाखवायला?"

मी म्हणालो, "येईन."

"अन् वर पण या," ती म्हणाली. "यांना बघू दे तुम्हाला."

तेव्हा रविवारी दुपारी पाळी बदलून घेऊ नकोस आणि गावीही पळू नकोस. खोलीतल्या पोरांना सिनेमाला पाठव. तीनच्या सुमारास आम्ही दोघं तुझ्या दारात असू.

मधुकर